मीटर बंदच आहे, दादा

गाडीचं मीटर विझलं तेव्हा आम्ही इचलकरंजीच्या भर चौकात होतो. स्टिअरिंगसमोरचे हिरवे आकडे थरथरले, एकदम काळे पडले आणि दोन आचके देऊन इंजिनही थांबलं. मी चावी फिरवून पाहिली. नुसतं ‘कट्’ वाजलं.

“काय झालं रे?” मागच्या सीटवरून जालिंदरदादानं विचारलं.

“बॅटरी उतरली, दादा. मीटर दोन दिवस मिणमिणत होतंच. आता पार गेलं.”

मागं रिक्षांची रांग लागली होती. एक रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढीना. शेवटी त्यानं मान बाहेर काढली आणि म्हणाला, “पाव्हणं, पेट्रोल परवडत न्हाई तर बैलं जुपा की.” आजूबाजूची चार माणसं हसली.

जालिंदर शांतपणे उतरला. डिकीतून व्हीलपाना काढला आणि चालत मागं गेला. मी आरशात बघत होतो. कोण उतरलंय हे रिक्षावाल्यानं ओळखलं आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. “दादा, वळखलं न्हाई,” असं काहीतरी तो म्हणाला. पहिला फटका जबड्यावर बसला. तो रिक्षातून निम्मा बाहेर लोंबला, तेव्हा दुसरा कानामागं बसला. जालिंदरचा माणूस खंडू गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून लोकांकडं बघत उभा राहिला. कोणी पुढं आलं नाही. रिक्षावाला डांबरावर पडला आणि तोंडातलं रक्त हातात धरायला लागला, जणू ते सांडू द्यायचं नव्हतं.

जालिंदरनं पाना रिक्षावाल्याच्याच शर्टाला पुसला, माझ्या खिडकीतून आत दिला आणि म्हणाला, “ठेव. आणि ढकलायला चार जण बोलाव.”

मघाशी हसणारेच ढकलायला आले.

मी त्याचा ड्रायव्हर. सर्जेराव माझं नाव, सगळे सर्जा म्हणायचे. आधी त्याच्या वाळूच्या ट्रकवर होतो, मग त्यानं मला घरच्या गाडीवर घेतलं. गाडी पांढरी, लांबलचक, परदेशी बनावटीची. त्याच्या वडलांनी मुंबईहून आणलेली. तिच्या मीटरला काटे नव्हते. चावी फिरवली की हिरवे आकडे उजळायचे, आणि आमच्या भागात तसली गाडी दुसरी नव्हती. म्हातारा गेल्यावर घरच्या शुभकार्याला जायचं ते ह्याच गाडीतून, असा जालिंदरनं नेम धरला होता. दारात जीप उभी असली तरी चालायची नाही.

त्या दिवशीही शुभकार्यच होतं म्हणे. त्याची धाकटी बहीण उज्ज्वला मिरजेत नर्सिंग शिकत होती, हॉस्टेलवर राहायची. तिची शेवटची परीक्षा झाली होती. तिला घरी आणायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढं बसवायचं ठरलं होतं. पाहुणा म्हणजे नदीपलीकडचा वाळूवाला, पंचेचाळिशीचा. त्याची पहिली बायको स्टोव्हच्या भडक्यात गेली होती. स्टोव्ह कसा भडकला हे सगळ्या नदीकाठाला ठाऊक होतं, फक्त पंचनाम्यात नव्हतं. सोयरीक झाली की पलीकडचा काठही जालिंदरच्या हाताखाली येणार होता.

चौकाच्या कडेला उभं राहून त्यानं हॉस्टेलवर फोन लावला. मोबाईल तेव्हा नुकते आले होते, आणि तो फोनवर बोलायचा म्हणजे नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं.

“उजू, सामान बांधून ठेव. दुपारी येतोय. गाडीचं मीटर गेलंय, हातकणंगल्याच्या पुढं नेमूअण्णाचं यार्ड हाय, तिथं दुसरं बसवतो आणि तसाच येतो... रडायचं न्हाई. पाव्हणं उद्या दारात येणार हाईत. ऐकलंस न्हवं?”

त्यानं फोन खिशात टाकला. मी एका गॅरेजातून जुनी बॅटरी घालून घेतली आणि तेवढ्यावर आम्ही यार्ड गाठलं.

यार्ड रस्त्याला लागूनच होतं. अपघातातल्या, विम्यातल्या, वारसांनी विकलेल्या गाड्या एकीवर एक रचलेल्या. फाटकावर पत्र्याचा बोर्ड: ‘मगदूम ऑटो. जुन्या गाड्यांचे पार्ट. नेमगोंडा मगदूम.’ नेमूअण्णा शेडच्या तोंडाशी उभे होते, जणू आमची वाटच बघत होते. पंचावन्न-साठचा किडकिडीत माणूस, डोक्याला पांढरी टोपी, चष्म्याला मागून दोरा.

“कामगार कुठं गेले तुमचे?” मी विचारलं. मी पूर्वी पार्ट घ्यायला आलो होतो तेव्हा तिथं पाच-सहा जण ठोकाठोक करत होते.

“सुट्टी दिली आज,” ते म्हणाले. “बसा दादा. पाणी घ्या.”

“पाणी नको. मीटर दाव,” जालिंदर म्हणाला.

अण्णांकडं त्या गाडीची तीन जुनी मीटरं होती. त्यांनी तिन्ही आणून लाकडी बाकावर ठेवली. असलं मीटर डोळ्यांनी बघून कळत नाही. ते बाकावर तपासावं लागतं. त्यासाठी त्यांनी एका मोडक्या गाडीतून वायरींचा जुडगा कापून आणलेला होता. त्याचं सॉकेट मीटरच्या मागं बसवायचं, लाल वायर बॅटरीच्या एका टोकाला, आणि अर्थिंगची काळी वायर क्लिप लावून बाकाच्या लोखंडी पट्टीला, कारण बॅटरीचं दुसरं टोक त्या पट्टीला बांधलेलं. मीटर जिवंत असेल तर आधी सगळीकडं आठ-आठ उजळतात आणि मग ते शून्यावर येतं. मग एक-एक वायर छेडून पेट्रोल दाखवतंय का, वेग दाखवतंय का, बॅटरीचा दिवा लागतोय का ते बघायचं. तो दिवाच महत्त्वाचा. आमच्या गाडीत त्या दिव्यातूनच डायनामोला चालना मिळायची. मीटर मेलं की बॅटरी भरत नाही, आणि थोड्या वेळानं गाडी उभी.

पहिलं मीटर खरोखरच मेलेलं होतं. अण्णांनी मागचं झाकण उघडून दाखवलं. आतली पट्टी हिरव्या बुरशीनं खाल्ली होती.

“पुराच्या पाण्यातलं हाय,” ते म्हणाले. “हे न्हाई चालणार.”

“मग दुसरं लाव.”

दुसरं लावायला अण्णांनी फार वेळ घेतला. एक-एक स्क्रू काढून ताटलीत ठेवला. दात घासायच्या ब्रशनं, पेट्रोलनं पिना पुसल्या. मग म्हणाले, ओल आहे, उन्हात ठेवू. ते उन्हात ठेवून स्वतः कडेला बसले. जालिंदर फेऱ्या घालत होता. खंडू एका गाडीच्या बॉनेटवर बसून चाकूनं नखं कोरत होता.

“म्हाताऱ्या, तुला मीटर विकायचं हाय का न्हाई?”

“घाई केली तर जळंल, दादा. मग कुठंच मिळणार न्हाई.”

शेवटी त्यांनी ते बाकावर घेतलं. सॉकेट बसवलं, लाल वायर टेकवली. आणि मी पाहिलं: आठ-आठ-आठ, अख्खं मीटर हिरवंगार उजळलं. पापणी लवायच्या आत अण्णांचं कोपर काळ्या वायरीला लागलं आणि ते विझलं. जालिंदर तेव्हा फाटकाकडं तोंड करून उभा होता.

“गेलंय,” अण्णा म्हणाले. “हेही गेलंय.”

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मला वाटलं, म्हातारा चालू आहे. शेवटचं मीटर तेवढं चांगलं असं भासवून तोंडाला येईल तो भाव सांगणार. जालिंदरपुढं असला खेळ करणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि मनात म्हटलं, ह्याला सकाळचा रिक्षावाला दाखवायला हवा होता.

जालिंदर वळला. “दोन्ही मेलेली कशी?”

“जुना माल, दादा. नशीब हाय.”

जालिंदरनं अण्णांचा डावा हात मनगटाला धरला, शेजारी पडलेल्या गाडीपाशी ओढत नेला, दाराच्या फटीत ठेवला आणि लाथेनं दार लावलं. हाडाचा आवाज मी ऐकला. अण्णा ओरडले नाहीत. गुडघ्यावर बसले आणि तोंड उघडं ठेवून नुसता श्वास घेत राहिले. दोन बोटं उलट्या बाजूला वळली होती.

“आता नशीब बघ,” जालिंदर म्हणाला. “तिसरं लाव. एका हातानं लाव.”

मी पुढं होऊन त्यांना उठवलं.  मला वाटलं, आता तरी हा माणूस सुधारेल. पण त्यांनी तिसरं मीटर पुढं ओढलं, पुन्हा ताटली घेतली, आणि पहिला स्क्रू काढायला सुरुवात केली. एका हातानं. डाव्या हातातून रक्त बाकावर गळत होतं आणि ते टोपी काढून त्यावर दाबत, पुन्हा स्क्रू काढत. असा माणूस पैशासाठी हे करत नसतो, एवढं मला कळलं. कशासाठी करतो ते कळलं नाही.

तिसरं मीटर लागलं. अंधार. एक आकडा नाही.

मी जवळच उभा होतो. काळ्या वायरीची क्लिप त्यांनी पट्टीच्या रंगवलेल्या भागावर लावली होती. रंगावरून करंट जात नाही, हे ट्रकवरच्या क्लीनरलाही माहीत असतं. बोटभर अलीकडं पट्टी घासून उघडी केलेली होती, रोजच्या वापरानं चकचकीत झालेली. क्लिप तिथं सरकवली असती तर मीटर उजळलं असतं.

जालिंदरला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण माणसातलं कळत होतं.

“सर्जा,” तो म्हणाला, “तू इकडं ये. तू बघ. म्हातारा माझ्याशी खेळतोय का?”

खंडू बॉनेटवरून उतरला. अण्णांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. पुढं काय होणार हे धरून चाललेल्या माणसाची नजर होती.

मी वाकलो. सॉकेट हलवून बघितलं, लाल वायर हलवून बघितली. काळ्या वायरीला हात लावला नाही. मी खरं बोललो तर हा माणूस ह्याच बाकावर मरेल, एवढं एकच डोक्यात होतं.

“मीटर बंदच आहे, दादा,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

जालिंदर माझ्याकडं जरा वेळ बघत राहिला. मग त्यानं थुंकून तोंड फिरवलं. बाकावरची बॅटरी गाडीत टाकली असती तरी आम्ही मिरज गाठली असती. डायनामोला एक साधा बल्ब जोडला असता तरी भागलं असतं. ट्रकवर मी तसं केलंही होतं. मी तेही बोललो नाही. एकदा खोटं बोललो होतो, आता पुढचं सगळं आपोआप गप्प राहिलं.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. हॉस्टेलच्या रेक्टरबाई होत्या. त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं, त्यांचं नाही.

“न्हाई म्हंजे?... सामान?... कवा?... वॉचमन काय करत हुता?”  मग हळू आवाजात: “जोडीदारीण कोण खोलीतली? पूर्ण नाव सांगा.”

त्यानं फोन बंद केला आणि लगेच दुसरा लावला. मिरजेतल्या आपल्या पोरांना सांगितलं, “एसटी स्टँडवर जा. कोल्हापूर, सांगली, पुणे, सगळ्या गाड्या बघा. उजू पळालीय.” रेल्वेचं त्याच्या मनात आलं नाही. त्यांच्या घरातलं कोणी कधी रेल्वेत बसलं नव्हतं.

“खंडू, त्या म्हाताऱ्याच्या पिकअपची चावी घे,” तो म्हणाला. “हॉस्टेलवर जाऊ. ती जोडीदारीण धरतो. तिला सगळं ठाऊक असणार. दोन नखं काढली की बोलंल.”

पिकअप शेडच्या मागं उभी होती. चावी अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात होती. खंडू जवळ आला तसे अण्णा दोन पावलं मागं सरले, चावी काढली आणि जुन्या गाड्यांच्या ढिगाऱ्यात उंच भिरकावून दिली. ती पत्र्यांवर आपटत, खणखणत खोल कुठंतरी गेली.

जालिंदरला क्षणभर कळेना. मग त्यानं तोंडातल्या तोंडात नाव म्हटलं, “पद्मा मगदूम.” आणि मान वर करून फाटकावरच्या बोर्डाकडं बघितलं.

मलाही तेव्हाच कळलं. सकाळी भावाचा फोन आला तेव्हा उज्ज्वलाच्या शेजारी तिची मैत्रीण उभी असणार. कुठल्या यार्डात जातोय हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं. आणि पद्मानं बापाला फोन केला असणार: अण्णा, तो तुमच्याकडं येतोय, उज्ज्वलाची रेल्वे सुटेपर्यंत त्याला सोडू नका.

“तुझी पोरगी,” जालिंदर म्हणाला.

“व्हय,” अण्णा म्हणाले. “माझीच.”

“कुठं हाय उजू?”

अण्णांनी रक्तानं भिजलेली टोपी हातावर घट्ट दाबली.

जालिंदरनं बाकाखालची जॅकची टॉमी उचलली, हातभर लांबीचा लोखंडी दांडा. खंडूनं अण्णांना मागून धरलं. पहिला घाव खांद्यावर पडला आणि खांदा खाली गेला. “कुठं हाय?” दुसरा बरगड्यांवर. चष्मा पडला, खंडूच्या पायाखाली फुटला. “कुठं?” अण्णांच्या तोंडातून आवाज येत होता, पण तो शब्द नव्हता. ते णमोकार मंत्र म्हणत होते, अर्धा अर्धा, श्वास मिळेल तसा. जालिंदरनं दोन्ही हातांनी टॉमी डोक्यावर उचलली. ती कुठं बसणार ते दिसत होतं.

मी बाकावरची बॅटरी उचलली. वायरींसकट. जड होती, पण तेव्हा जड वाटली नाही. मी ती छातीपासून ढकलल्यासारखी जालिंदरवर फेकली. ती त्याच्या मानेत बसली, तो आडवा झाला आणि फुटलेल्या झाकणातलं तेजाब त्याच्या गालावर, गळ्यावर सांडलं. तो ओरडला. तीन वर्षांत मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

खंडूनं अण्णांना सोडलं आणि तो माझ्यावर आला. चाकू माझ्या गालातून आत गेला आणि जिभेला लागला; लोखंडाची चव मला अजून आठवते. दुसऱ्यांदा तो पोटात आला. मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला, चाकू आतच होता, आणि आम्ही दोघं एकमेकांना मिठी मारल्यासारखे बाकावर कोसळलो. मीटरं खाली पडून फुटली. मी त्याच्या कानाचा लचका तोडला. दुसरं काही हाताशी नव्हतं. तो चाकू सोडून मागं झाला, कान धरून बाहेर पळाला, आणि मोठ्या रस्त्यानं पळतच राहिला. पुढं त्याला कुपवाडजवळ पकडलं.

जालिंदर उठत होता. एक डोळा मिटलेला, चेहरा सोललेला. टॉमी त्याच्यापासून लांब पडली होती आणि तो तिच्याकडं रांगत होता. मी उभा राहू शकत नव्हतो. मी पोटावर हात दाबून बसल्या जागेवरून सरकलो. टॉमी माझ्या हाताला आधी लागली. त्याचा गुडघा माझ्यासमोर होता. मी त्यावर मारलं, पुन्हा मारलं, गुडघ्याचा आकार जाईपर्यंत मारत राहिलो.

“सर्जा,” तो म्हणत होता, “तू माझा माणूस हाईस.”

 माझं तोंड रक्तानं भरलं होतं.

पुढच्या खडी मशीनवरची माणसं ओरडा ऐकून आली तेव्हा आम्ही तिघंही जमिनीवर होतो. लांबून, सांगलीच्या बाजूनं, रुळांवरून कुठलीतरी गाडी गेल्याचा आवाज आला. अण्णा तो कान देऊन ऐकत होते. ती उज्ज्वलाची गाडी नव्हती, असणं शक्यही नव्हतं. तिची मिरजेहून बंगळूरकडं, उलट दिशेला निघाली होती. पण त्यांना तीच वाटली. त्यांनी डोळे मिटले.

आम्हाला मिरजेतच आणलं, एकाच वॉर्डात. माझ्या पोटात टाके, गालात टाके, कितीतरी दिवस बोलता येईना. अण्णांच्या तीन बरगड्या आणि खांदा मोडला होता, डाव्या हाताची दोन बोटं कायमची गेली. पद्मा दोन्ही खाटांच्या मधे स्टूल टाकून बसायची. सावळी, ठेंगणी मुलगी, बापासारखाच चष्मा. तिनं एकदाच सांगितलं, “उज्ज्वला पोचली. तिथल्या दवाखान्यात रुजू झाली.” मग माझं ड्रेसिंग बदलायला लागली.

जीभ वळायला लागल्यावर मी अण्णांना विचारलं, “मला खूण तरी करायची. मी गप्प बसलो असतो.”

“तू त्याचा माणूस हुतास.”

“पण मी ‘बंद आहे’ म्हणालो तेव्हा तरी कळलं असेल.”

अण्णा छताकडं बघत म्हणाले, “तवा मला जास्त भ्या वाटलं. म्हटलं, ह्यो कशापायी खोटं बोलतोय? ह्याला काय पायजे असंल?”

मला हसायला आलं आणि टाके ताणले. ते हसले नाहीत. म्हणाले, “कामगारांना घरी पाठवलं हुतं. पोराबाळांची माणसं. ज्यांना वाचवायचं त्या यादीत तू न्हवतास.”

खटला उभा राहिला. नदीकाठच्या कोणी तोंड उघडलं नाही, पण इचलकरंजीचा तो रिक्षावाला आला. जबडा वाकडाच जुळला होता, शब्द नीट येत नव्हते. वकिलानं त्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावलं. तो प्रत्येक वाक्य दोनदा बोलला. जालिंदरला सात वर्षांची सजा झाली. तो आत असतानाच वाळूचे दोन्ही काठ पलीकडच्या वाळूवाल्यानं घेतले.

मला परत ड्रायव्हर म्हणून कोणी ठेवेना. मालकाचा गुडघा फोडणारा ड्रायव्हर कोणाला हवा असतो? अण्णांनी यार्डावर ठेवलं. मीटरं तपासायचं काम मी करतो, कारण त्यांच्या डाव्या हातात वायर टिकत नाही.

सुटून आल्यावर काही महिन्यांनी जालिंदर यार्डात आला. एकटा, काठी टेकत. गालाची कातडी ओढली गेली होती, एका डोळ्याचं पाणी थांबत नव्हतं. मी बाकापाशी होतो. टॉमी कुठं आहे ते मी न बघता चाचपलं.

 तो अण्णांना म्हणाला, “उजूचा पत्ता पायजे.”

“मला ठाऊक न्हाई.”

“तुझ्या पोरीला ठाऊक असंल.”

“तिलाबी न्हाई.”

“आई आजारी हाय,” तो म्हणाला. “पोटात गाठ हाय. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय. रोज नाव काढती. मला काय करायचं न्हाई तिला. आईपुरतं.”

“ठाऊक न्हाई,” अण्णा पुन्हा म्हणाले.

 तो काठी टेकत फाटकाबाहेर गेला. रस्त्याला लागेपर्यंत त्याला फार वेळ लागला.

“खरं बोलत असेल तो,” मी म्हणालो.

“असंल,” अण्णा म्हणाले. “त्याच्या खऱ्यावर मी पोरीचा जीव लावू?”

पण संध्याकाळी त्यांनी पद्माला फोन केला. पद्मानं जालिंदरच्या गावातल्या आशा सेविकेकडून चौकशी केली. गाठ खरी होती. मग उज्ज्वलाला कळवलं, आणि काय करायचं ते तिच्यावर सोडलं.

ती आली. मिरजेच्या स्टेशनवर मी पिकअप घेऊन गेलो होतो. फलाटावर सुती साडीतली, केसांत एखाददुसरा पांढरा आलेली बाई उतरली. माझ्या गालाच्या व्रणाकडं तिनं नर्सच्या नजरेनं बघितलं आणि म्हणाली, “टाके घाईत घातलेत.” मग शेजारी बसली.  नदीचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, “तो घरात असेल ना?”

“असेल.”

“तुम्ही आत येऊ नका. तुम्हाला बघून तो भडकेल.”

“दारात थांबतो.”



घर तेच होतं. अंगणात वाळूचा एक ट्रक चाकं काढून विटांवर उभा केलेला. मी पिकअप वळवून, तोंड रस्त्याकडं करून उभी केली. जालिंदर उंबऱ्यात काठी धरून उभा होता. उज्ज्वला चालत त्याच्यासमोर गेली आणि थांबली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मग त्यानं काठी एका बाजूला घेतली आणि वाट दिली. ती खाली बघून आत गेली.

ती आईपाशी बसली होती तेवढा वेळ तो दारात उभा होता आणि मी पिकअपमधे. मी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. इंजिन चालूच ठेवलं.